गोवर जातो, आठवणी पुसून जातो

बाह्यरुग्ण विभागात गेल्या काही वर्षांत एक मागणी नेमाने ऐकू येते. ‘‘डॉक्टरसाहेब, याची इम्युनिटी वाढवायचं काहीतरी लिहून द्या.’’ परवा एक आजी चार वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या, त्याही हेच म्हणत होत्या. पोराची सर्दी सुटत नव्हती, मधल्या काळात दोनदा जुलाब झाले होते, एकदा न्यूमोनियासाठी दाखल करावे लागले होते. पिशवीतून त्यांनी चॉकलेटच्या चवीच्या पावडरीचा डबा काढून टेबलावर ठेवला. ‘‘दोन डबे संपले. काही फरक नाही. यापेक्षा भारी असेल तर सांगा.’’

मी लसीकरणाचे कार्ड मागितले. ते त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. नऊ महिन्यांपर्यंतच्या सगळ्या लशींसमोर तारखा होत्या. त्यापुढचे चौकोन रिकामे होते. खोदून विचारल्यावर कळले, की वर्षभरापूर्वी पोराला गोवर येऊन गेला होता. ‘‘गोवर काय, सगळ्यांनाच येतो. दाराला कडुनिंब लावला, आठ दिवसांत गेलासुद्धा.’’

या पोराचे नंतरचे प्रत्येक आजारपण गोवरामुळेच झाले, असे कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण साडेसहाशे रुपयांचा डबा आणि फुकट मिळणाऱ्या लशीचा रिकामा चौकोन एकाच टेबलावर पाहिल्यावर, रोगप्रतिकारशक्ती म्हणजे नेमके काय हे आपण लोकांना नीट सांगितलेलेच नाही, याची बोच लागली.

प्रतिकारशक्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टाकीतल्या पाण्यासारखे काहीतरी येते. पातळी खाली गेली की वरून ओतायचे. प्रत्यक्षात ती शरीरभर पसरलेली एक यंत्रणा आहे आणि तिला अनेक थर आहेत. पहिला थर त्वचेचा, नाकातल्या शेंबडाचा, डोळ्यांतल्या पाण्याचा, जठरातल्या आम्लाचा. बहुतेक जंतू इथेच अडतात. जे आत शिरतात त्यांच्यावर पांढऱ्या पेशींमधल्या भक्षक पेशी तुटून पडतात. यांतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी आपली अस्थिमज्जा रोज सुमारे शंभर अब्ज या संख्येने तयार करते आणि त्या जेमतेम काही तास किंवा दिवस जगतात. जखमेतला पू म्हणजे मुख्यतः लढून मेलेल्या याच पेशी.

हे झाले तातडीचे काम. त्यात शत्रूची वेगळी ओळख लागत नाही. ओळख लागते ती पुढच्या फळीला, म्हणजे टी आणि बी पेशींना. दोन्ही अस्थिमज्जेत जन्मतात. बी पेशी तिथेच तयार होतात, तर टी पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत जाऊन शिकतात. तिथे त्यांची कडक परीक्षा होते. आपल्याच शरीरावर हल्ला करू शकणाऱ्या पेशी बहुतांशी तिथेच संपवल्या जातात. शिकून बाहेर पडलेल्या पेशी प्लीहेत, टॉन्सिलमध्ये, आतड्याच्या अस्तरात आणि अंगभर विखुरलेल्या शेकडो लसिका ग्रंथींत ठाण मांडून बसतात. पायाला काटा रुतून चिघळला की जांघेत अवधाण येते, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. अवधाण म्हणजे त्या ठाण्यावर आलेली वर्दी. जंतूचे तुकडे तिथे आणले गेलेले असतात, ओळखपरेड चालू असते आणि ज्या पेशीला तो जंतू ओळखता आला तिची संख्या झपाट्याने वाढत असते.

पहिल्यांदा भेटलेल्या जंतूसाठी या तयारीला आठवडा, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात माणूस आजारी पडतो. पण लढाई संपल्यावर त्या पेशींपैकी काही मागे उरतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. काही पेशी अस्थिमज्जेत मुक्काम करून वर्षानुवर्षे प्रतिपिंडे बनवत राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर तयारीला फार वेळ लागत नाही, अनेकदा आपल्याला कळतही नाही. निरोगी प्रौढाची ताकद बरीचशी या आठवणींच्या साठ्यात असते. तो साठा कोणत्याही डब्यात भरून मिळत नाही. एकेका जंतूशी किंवा त्याच्या लशीशी ओळख होऊनच तो साठतो.

ही आठवण किती टिकते याचा एक जुना दाखला आहे. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १७८१ मध्ये गोवराची साथ आली होती. त्यानंतर पासष्ट वर्षे तिथे गोवर नव्हता. १८४६ मध्ये तो पुन्हा आला आणि ७,७८२ लोकवस्तीपैकी सुमारे ६,००० जण आजारी पडले. डेन्मार्कच्या सरकारने पाठवलेल्या पीटर पानुम या तरुण डॉक्टरने घरोघरी फिरून नोंदी केल्या. त्याला दिसले, की लहानपणी १७८१ च्या साथीत गोवर झालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही या वेळी तो झाला नाही. पासष्ट वर्षांनीही शरीर विसरले नव्हते.

गोवराची आठवण जन्मभर राहते, हे यातून सिद्ध झाले. पण गोवर बाकीच्या आठवणींचे काय करतो, हे कळायला बराच काळ गेला. पहिली खूण १९०८ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांना मिळाली. क्षयाच्या जंतूशी पूर्वी संबंध आलेल्या मुलांच्या त्वचेवर ट्युबरक्युलिनची चाचणी केली की गाठ उठते. गोवर झालेला असताना त्याच मुलांत ती उठेनाशी होते, असे त्यांनी नोंदवले. जणू शरीर क्षयाची ओळखच विसरले होते.

आता त्यामागचे कारण माहीत झाले आहे. गोवराचा विषाणू श्वासातून आत येतो, फुप्फुसातल्या भक्षक पेशींवर स्वार होऊन लसिका ग्रंथींत पोहोचतो आणि तिथे स्मृतिपेशींनाच लागण करतो. त्या पेशींच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असते, तेच त्याला दारासारखे उपयोगी पडते. लागण झालेल्या पेशी मोठ्या संख्येने नष्ट होतात. दोन-तीन आठवड्यांत पांढऱ्या पेशींचा आकडा पूर्ववत होतो, रक्ताच्या साध्या तपासणीत सगळे ठीक दिसते. पण नव्याने भरलेल्या जागांवर प्रामुख्याने गोवर ओळखणाऱ्या पेशी असतात. न्यूमोनियाचे, जुलाबांचे, कानाच्या संसर्गाचे जंतू ओळखणारे जुने जाणकार गेलेले असतात.

२०१९ मध्ये याचे मोजमापच हाती आले. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचे गोवराच्या साथीआधीचे आणि नंतरचे रक्त शास्त्रज्ञांनी तपासले. गोवरानंतर सुमारे दोन महिन्यांनी, इतर जंतूंविरुद्धची त्यांची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली होती. गोवराची लस घेतलेल्या मुलांत असे काही आढळले नाही. त्याआधी २०१५ मध्ये श्रीमंत देशांतल्या जुन्या मृत्युनोंदींच्या अभ्यासातून दिसले होते, की गोवराच्या साथीनंतर दोन-तीन वर्षे मुलांचे इतर संसर्गांनी होणारे मृत्यू वाढलेले राहतात. म्हणून ‘आठ दिवसांत गेला’ हे अंगावरच्या पुरळाबद्दल खरे आहे, नुकसानाबद्दल नाही.

१९६३ मध्ये लस येण्यापूर्वी गोवराने जगात दरवर्षी अंदाजे २६ लाख मृत्यू होत. लस आपल्याकडे मोफत आहे. जगातल्या अनेक देशांना पुरवली जाणारी गोवराची लस पुण्यात तयार होते. मग चौकोन रिकामे का राहतात?

एक कारण दुसऱ्या डोसबद्दलच्या गैरसमजाचे आहे. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत देतात. दुसऱ्याला लोक ‘बूस्टर’ म्हणतात, आणि बूस्टर म्हणजे दिला तर बरा, नाही दिला तरी चालेल, असे मनात धरतात. खरे कारण वेगळे आहे. नवव्या महिन्यात बाळाच्या रक्तात आईकडून आलेली काही प्रतिपिंडे शिल्लक असू शकतात आणि ती लशीचा विषाणू निकामी करतात. त्यामुळे या वयात लस दिलेल्या शंभर बाळांपैकी सुमारे पंधरा बाळांमध्ये आठवण तयारच होत नाही. ती पंधरा बाळे कोणती, हे बाहेरून ओळखता येत नाही. दुसरा डोस मुख्यतः त्यांच्यासाठी असतो. दोन डोसनंतर पंचाण्णवहून अधिक मुले सुरक्षित होतात. आजींचा नातू बहुधा त्या पंधरांपैकी होता.

आणि गोवराच्या बाबतीत थोडी फट पुरते. एक रुग्ण, आजूबाजूला कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, सरासरी बारा ते अठरा जणांना लागण करतो. साथ रोखायची तर वस्तीतली ९५ टक्के मुले दोन डोस घेतलेली असावी लागतात. कोविडच्या काळात नियमित लसीकरण विस्कळीत झाले, त्याची किंमत २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्त्यांनी आणि मालेगाव, भिवंडीने मोजली. बालके दगावली. तेव्हा जादा डोसची मोहीम घ्यावी लागली, सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही लस टोचावी लागली.

दोष फक्त आईबापांचा मानणे अन्यायाचे होईल. ऊसतोडीला जाणारे जोडपे दिवाळीच्या सुमारास घर सोडते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतते. बाळाचा सोळावा महिना फडात उलटतो, कार्ड गावाकडच्या पत्र्याच्या पेटीत राहते. वीटभट्टीवर, बांधकामावर हेच. लसीकरण सत्र कामाच्या वेळेत असते आणि रोजंदारीवरच्या बाईला अर्धा दिवस मोडणे म्हणजे संध्याकाळचा शिधा मोडणे असते. आम्ही रुग्णालयातले डॉक्टरही धुतल्या तांदळाचे नाही. जुलाबासाठी दाखल झालेले मूल बरे करून घरी सोडतो, पण त्याचे कार्ड पाहतोच असे नाही. आजींचा नातू न्यूमोनियासाठी ज्या वॉर्डात होता तिथे कोणी कार्ड मागितले असते, तर रिकामे चौकोन तेव्हाच दिसले असते.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मूल दाखल होताना लसीकरण कार्ड मागावे आणि घरी सोडण्यापूर्वी राहिलेल्या लशी द्याव्यात. दाट वस्त्यांत आणि साखर कारखान्यांच्या तळांवर संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी सत्रे व्हावीत. आशाताई दारोदार फिरतात, पण आई कामावरून परतण्याच्या वेळी लस उपलब्ध नसेल तर त्यांच्या पायपिटीचा उपयोग काय? आणि केंद्राने आणलेल्या यू-विन प्रणालीत प्रत्येक बाळाची नोंद मनापासून व्हावी, म्हणजे कार्ड पेटीत राहिले तरी बाळ जिथे असेल तिथे पुढचा डोस मिळेल.

पालकांनी एवढे लक्षात ठेवावे: डोस चुकला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेलाच घ्यायचा असतो. गोवर-रुबेलाची लस सरकारी कार्यक्रमात पाच वर्षांपर्यंत मिळते. साधी सर्दी किंवा खोकला हे लस टाळण्याचे कारण नव्हे. गोवर येऊन गेला असला तरी लस घ्यायची, कारण तीच रुबेलापासूनही वाचवते. आणि गोवर आलाच तर कडुनिंब लावायला हरकत नाही, पण मुलाला डॉक्टरांकडे न्या. ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी द्यावे लागतात. त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचण्याची शक्यता वाढते.

राहिला प्रश्न ‘वाढवण्या’चा. कुपोषित मुलाची प्रतिकारशक्ती खरोखर क्षीण असते आणि त्याला पोटभर सकस अन्नच द्यायला हवे. त्यात दुमत नाही. पण यंत्रणा नुसती ‘वाढणे’ नेहमी चांगले नसते. दमा आणि अ‍ॅलर्जी ही नको तिथे चाललेल्या प्रतिकाराचीच रूपे आहेत. आमवात आणि लहान मुलांतला मधुमेह यांत ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. कोविडच्या गंभीर रुग्णांत तिचा भडका शांत करण्यासाठी आम्हाला स्टिरॉइड द्यावे लागले. तिला योग्य शत्रूची ओळख हवी असते आणि वेळेवर थांबता यायला हवे असते. डब्यावर छापलेल्या ढालीच्या चित्रातून यांतले काहीही मिळत नाही.

आजींना मी पावडर लिहून दिली नाही. डाळभात, भाजी, अंडे, शेंगदाण्याचा लाडू असे साधे सांगितले आणि नातवाला खालच्या मजल्यावर पाठवले. गोवर-रुबेलाचा, धनुर्वाताचा आणि पोलिओचा, असे राहिलेले डोस त्याला त्याच दिवशी मिळाले. निघताना आजी दारात थांबल्या. ‘‘धाकटी पण आहे हो घरी. दीड वर्षाची. तिचं कार्ड बघायला पाहिजे.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या धाकटीला कडेवर घेऊन रांगेत उभ्या होत्या. तिचाही तोच चौकोन रिकामा होता. आता त्यात तारीख आहे.