जहाजाचा आवाज, तळाची खबर

ईदच्या आधी रंग देण्यासाठी खोली रिकामी केली की आपलाच आवाज घुमतो. गाद्या, पडदे परत आले की तो दबतो. डोळे मिटले तरी खोली भरलेली की रिकामी, हे कान सांगतो. समुद्राचा तळ ओळखण्याची एक पद्धत याच तत्त्वावर उभी आहे.

नववीच्या वर्गात ध्वनीच्या धड्याला हे सांगितलं, तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, पण मुळशीत समुद्र कुठे?" प्रश्न रास्त होता. पण आपल्या मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरतं, वीज देतं आणि कुंडलिका नदीतून रेवदंड्याजवळ समुद्राला मिळतं. सह्याद्रीच्या काळ्या दगडाची झिजलेली माती अशाच नद्यांनी समुद्रात नेली. म्हणून कोकण किनाऱ्यालगतचा तळ बहुतेक चिखलाचा आहे. खूप आत गेल्यावर वाळू लागते.

हा तळ दर्यावर्दींना ओळखावाच लागे. दोरीला शिशाचं वजन बांधून त्याच्या बुडाला चरबी लावत. चरबीला काय चिकटून आलं, ते पाहून चिखल की वाळू हे ठरे. पंधराव्या शतकातले अरब दर्यावर्दी इब्न माजिद यांच्या काळीही पाण्याची खोली आणि तळाची माती या किनारा जवळ आल्याच्या खुणा होत्या.

आता हे काम आवाजही करतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून वेगाने. मालवाहू जहाजाच्या पंख्याची घरघर दूरवर जाते. पाण्यात सोडलेल्या मायक्रोफोनपर्यंत थोडा आवाज थेट येतो, थोडा तळावर आपटून. वाळू बराच आवाज परत फेकते, मऊ चिखल बराच गिळतो. हे आवाज एकमेकांत मिसळतात आणि जहाज सरकेल तसा त्यांचा चढउतार बदलतो. जहाज कुठे आहे, हे त्याच्या रेडिओ संदेशातून कळतं. मग संगणकावर वेगवेगळे तळ धरून गणित मांडायचं. ज्याचं उत्तर ऐकलेल्या आवाजाशी जुळेल, तो तळाचा अंदाज. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या चिखलपट्ट्यात २०१७ साली असा मोठा प्रयोग झाला.

यात स्फोट करावा लागत नाही, नवा गोंगाटही होत नाही. आपल्या किनाऱ्यावरचे डॉल्फिन आवाजावरच वाट आणि भक्ष्य शोधतात. त्यांच्यासाठी हे मोलाचं आहे.

तास संपल्यावर तीच मुलगी थांबली. "सर, हे काम मुलींना करता येतं?" मी म्हणालो, "यात गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथे असाच अभ्यास चालतो." ती हळूच म्हणाली, "घरी दहावीनंतर बस, असं ठरलंय."

इब्न माजिद यांचं नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांचा इल्म पुढे न्यायचा, तर घरातल्या लेकीला अकरावीत विज्ञानाला पाठवावं लागेल. पालकसभेला तिच्या अब्बांना मी ही रिकाम्या खोलीची गोष्ट सांगणार आहे, इन्शाअल्लाह. तुमच्याही घरात अशी एखादी मुलगी असेल, तर तिचा प्रश्न पुरता ऐकून घ्या.