गाण्यांचा डबा घरूनच भरून न्या



मुलांच्या परीक्षा संपल्या की घरोघरी गावी जायचे बेत सुरू होतात. दशम्या, लिंबाचं सरबत, आवळासुपारी, उलटीच्या गोळ्या, सगळं आपण आदल्या रात्री आठवणीनं भरून ठेवतो. गाण्यांचं मात्र तसं होत नाही. गाडी रस्त्याला लागली की कुणीतरी पेनड्राइव्ह खुपसतं, गाणं काही लागत नाही, मग चालवणाराच एका हातानं बटणं दाबत बसतो आणि मागच्या सीटवर आपला जीव टांगणीला!

नाशिकच्या एका भगिनीनं याच विषयावर पत्र पाठवलं आहे. चिरंजीवांनी हौसेनं ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आणून त्यात गाणी भरून दिली. संगणकावर ती छान वाजतात, पण गाडीतला स्टिरिओ ‘वाचता येत नाही’ एवढंच म्हणतो. शिवाय सासऱ्यांनी घरी म्हटलेल्या अभंगांची एक जुनी कॅसेट कपाटात आहे. सासरे आता नाहीत. सासूबाईंना गावी नेताना वाटेत ते अभंग लावता येतील का, असं त्या विचारतात.

येतील, नक्की येतील. पण दोन्ही कामं घरी बसून, निघण्याच्या आधी करायची आहेत. ती कशी, ते आता क्रमानं पाहू.

गाडीला का वाचता येत नाही?

पहिली गोष्ट म्हणजे पोर्ट बरोबर आहे ना, ते पाहा. पुष्कळ गाड्यांत दोन यूएसबी पोर्ट असतात. त्यातलं एक नुसतं फोन चार्ज करण्यासाठी असतं, त्यात पेनड्राइव्ह घालून काही उपयोग नाही. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत गाण्यांचं पोर्ट कोणतं ते दिलेलं असतं. काही नव्या गाड्यांत लहान, लांबट गोल तोंडाचं सी प्रकारचं पोर्ट येतं. त्याला त्याच तोंडाचा पेनड्राइव्ह किंवा जोडणी लागते.

पोर्ट बरोबर असूनही वाचता येत नसेल, तर घोटाळा बहुधा मांडणीचा असतो. नव्या सुनेनं स्वयंपाकघरातले डबे आपल्या पद्धतीनं लावले की सासूला साखर सापडत नाही, तसंच हे! पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्याही वेगवेगळ्या पद्धती आहेत. फॅट ३२ ही जुनी पद्धत जवळजवळ सगळ्याच स्टिरिओंना कळते. ६४ जीबी आणि त्याहून मोठे पेनड्राइव्ह मात्र सहसा एक्सफॅट पद्धतीनं मांडलेले येतात. ती काही गाड्यांना कळते, काहींना नाही. एनटीएफएस पद्धत तर पुष्कळ गाड्यांना कळतच नाही.

तेव्हा सरळ उपाय असा, की गाडीसाठी १६ किंवा ३२ जीबीचा वेगळा पेनड्राइव्ह घ्या. संगणकाला लावून त्याच्या चित्रावर उजवी टिचकी मारा, ‘फॉरमॅट’ निवडा आणि ‘फाइल सिस्टिम’ या ओळीत फॅट ३२ ठेवा. एक सांगून ठेवते हं, फॉरमॅट केलं की आतलं सगळं पुसलं जातं! आत काही असेल तर आधी संगणकावर उतरवून घ्या.

एवढा लहान पुरेल का, ही शंका नको. पाच मिनिटांचं एमपी३ गाणं उत्तम प्रतीत, म्हणजे ३२० केबीपीएसला, सुमारे १२ एमबी जागा घेतं. साध्या १२८ केबीपीएसला पाचच एमबी. या हिशेबानं ८ जीबीमध्येसुद्धा उत्तम प्रतीची ५० तासांहून जास्त गाणी मावतात. उलट हजारो गाणी कोंबली तर काही स्टिरिओ दर वेळी सगळी यादी वाचत बसतात आणि पहिलं गाणं लागायलाच वेळ लागतो.

काही लागतात, काही लागत नाहीत

हीही नेहमीची तक्रार. एमपी३ फाइल बहुतेक प्रत्येक गाडी वाजवते. फ्लॅकसारखे प्रकार पुष्कळ गाड्यांना चालत नाहीत, ते संगणकावर एमपी३ करून घ्यावे लागतात. फोनवरच्या महिन्याची वर्गणी भरून ऐकायच्या ॲपमध्ये उतरवलेली गाणी मात्र पेनड्राइव्हवर चालत नाहीत. ती कुलूपबंद असतात आणि त्या ॲपमध्येच वाजतात. स्वतःच्या सीडी किंवा विकत घेतलेल्या एमपी३ फाइली असतील, त्याच भरा.

गाणी लावा मात्र नीट. मसाल्याच्या डब्यात आपण जिरं, मोहरी, हळद वेगळी ठेवतो ना? तसे चार-पाच फोल्डर करा: पहाटेची गाणी, मुलांची गाणी, सासूबाईंचे अभंग, यांच्या आवडीच्या गझला. फोल्डरच्या आत आणखी फोल्डर घालू नका. गाण्याच्या नावाआधी ०१, ०२, ०३ असे आकडे घाला. नुसतं १, २, ३ लिहिलं तर काही स्टिरिओ १ नंतर थेट १० लावतात. आणि पुष्कळ गाड्यांना देवनागरी अक्षरं दाखवता येत नाहीत, तिथे चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं दिसतात. म्हणून नावं आणि आकडे रोमन लिपीत लिहिलेले बरे.

कॅसेटमधला आवाज

आता सासऱ्यांचे अभंग. कॅसेट १९६३ साली फिलिप्स कंपनीनं आणली आणि पुढे आपल्या घराघरांत पोहोचली. बाजारातली गाणी दुसरीकडे मिळतील, पण घरच्या माणसाचा आवाज त्या एका फितीवरच असतो. म्हणून घाई नको.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन चिमुकल्या पट्ट्या असतात, त्या आधी मोडून टाका. मग चुकून ‘रेकॉर्ड’चं बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसला जात नाही. टेपरेकॉर्डरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीनं हलकेच पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पहिल्यांदा एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून यंत्र फीत ओढून गुंडाळत तर नाही ना, ते पाहा. सगळं ठीक असेल तरच अभंगांची कॅसेट घाला. ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवली की वर्षानुवर्षं चिकटून बसलेली फीत मोकळी होते.

टेपच्या हेडफोनच्या भोकातून संगणकाच्या ‘लाइन-इन’ला वायर जोडा. लॅपटॉपला तशी सोय नसेल तर यूएसबीला लावायची छोटी साउंड जोडणी दुकानात मिळते. ऑडॅसिटी नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, त्यात रेकॉर्ड करा. आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नका, नाहीतर आवाज फाटतो. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात, त्याला जवळचा रस्ता नाही. तेवढ्यात भाजी निवडून होईल!

उतरवलेलं आधी वेव्ह प्रकारात जपा. तासाभराला सुमारे ६०० एमबी लागतात, पण ही तुमची मूळ प्रत. ती एक घरच्या संगणकावर आणि एक लेकीच्या किंवा दिरांच्या घरी, अशी दोन ठिकाणी ठेवा. तिच्यावरून एमपी३ करा आणि गाडीत तेवढीच न्या. पेनड्राइव्ह सीटखाली पडून हरवतो, गुडघा लागून मोडतो. उन्हात उभी केलेली बंद गाडी आत भट्टीसारखी तापते, तेही त्याला सोसत नाही. गेला तर थोडे पैसे जातील, पण त्याबरोबर सासऱ्यांचा आवाज जाता कामा नये. पोर्टच्या बाहेर जेमतेम डोकावणारा आखूड पेनड्राइव्ह मिळतो, तो गाडीला बरा. आणि कॅसेट उतरवून झाली तरी टाकू नका बरं का!

गाडी चालू लागल्यावर

ताशी ८० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. गाणं शोधायला दोन सेकंद नजर खाली गेली तर ४४ मीटर रस्ता न बघता कापला. तेवढ्यात समोर गुरं येतात, सायकलवाला वळतो. म्हणून गाणी बदलायचं काम शेजारी बसणाऱ्याचं, असा घरचा नियमच करा. एकटीनं गाडी चालवत असाल तर निघण्यापूर्वी फोल्डर लावून घ्या. बदलायचंच असेल तर गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभी करा. आवाज एवढाच ठेवा, की मागच्याचा हॉर्न आणि रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू यावा. घाटात तो आणखी कमी करा.

आणि एक, निघायच्या आदल्या संध्याकाळी उभ्या गाडीत पेनड्राइव्ह लावून प्रत्येक फोल्डरमधलं एकेक गाणं वाजवून बघा. त्या वेळी सासूबाईंनाही शेजारी बसवा. इतक्या वर्षांनी तो आवाज पहिल्यांदा ऐकायचा तर तो धावत्या गाडीत, रहदारीच्या गोंगाटात नको. घरच्या अंगणात, सावकाश ऐकू दे त्यांना. मग वाटेत लावायचा की नाही, ते त्यांनाच ठरवू द्या.

कुणाला यात कुठे अडलं तर अवश्य लिहा. गाडीचा स्टिरिओ काय अक्षरं दाखवतो, तेवढं मात्र पत्रात जसंच्या तसं उतरवून पाठवा.