पाठभेदाचे साधन आणि प्रतिष्ठानाचे छत्र

ग्रंथ जसे नाशवंत, तशी ग्रंथसंपादनाची साधनेही नाशवंत असतात. फरक इतकाच, की एखादी पोथी नष्ट झाली तर विद्वान हळहळतात. साधन नष्ट झाले तर त्याची कोणी नोंदही घेत नाही. संहिता ताडून पाहण्याचे काम आता संगणकाकडे जाऊ लागले आहे. त्यामुळे ही उपेक्षा यापुढे परवडणारी नाही. विद्यापीठाच्या एखाद्या विभागात, दोनचार माणसांच्या जिद्दीतून जन्मलेली आज्ञावली त्या माणसांच्या पश्चात कोणाच्या आधाराने टिकावी, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक दिसतो. वास्तविक तो भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी सोडवावयाचा प्रश्न आहे.

कोलकात्यातील एक उदाहरण यासाठी विचारात घेण्यासारखे आहे. जादवपूर विद्यापीठाच्या 'स्कूल ऑफ कल्चरल टेक्स्ट्स अँड रेकॉर्ड्स' या केंद्राने सुकान्त चौधुरी यांच्या मार्गदर्शनाखाली रवीन्द्रनाथांच्या बंगाली व इंग्रजी लेखनाचा 'विचित्रा' हा संगणकीय पाठभेदकोश सिद्ध केला व २०१३ साली तो सर्वांना खुला झाला. हस्तलिखितांची ४७,००० हून अधिक आणि मुद्रित ग्रंथ-नियतकालिकांची ९१,००० हून अधिक पृष्ठे त्यात प्रतिमारूपाने आहेत. या सामग्रीसाठी 'प्रभेद' नावाची, दोन वा अधिक पाठांची तुलना करणारी आज्ञावली तेथेच घडविण्यात आली. सर्ग वा अध्याय, कडवे वा परिच्छेद, आणि शेवटी शब्द अशा पायऱ्यांनी ती पाठभेद दाखविते. एका कवीच्या निमित्ताने घडलेले हे साधन आहे. पण त्याची गरज एका कवीपुरती नाही. तुकारामाच्या गाथेच्या किंवा ज्ञानेश्वरीच्या कोणत्याही संपादकाला नेमके हेच हवे आहे.

या कामात महाराष्ट्र आणि बंगाल यांचा ऋणानुबंध जुना आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. वि. स. सुखटणकर यांच्याकडे १९२५ मध्ये संपादनाची धुरा आल्यानंतर पोथ्यांच्या ताडणीसाठी पुण्याबाहेर जी केंद्रे कामास लागली, त्यांत शांतिनिकेतनातील विश्वभारतीचे केंद्र होते. पाठभेद नोंदविण्यासाठी आखलेल्या तक्त्यांत श्लोकाचे एकेक अक्षर स्वतंत्र चौकोनात लिहिले जाई आणि प्रत्येक पोथीतील भेद त्या त्या अक्षराखाली येई. हे काम १९६६ साली पूर्ण झाले. चार दशकांहून अधिक काळ आणि अनेक संपादकांच्या हातून ते तडीस गेले, याचे कारण विद्वत्तेइतकेच व्यवस्थेतही आहे. तक्त्याची पद्धत कोणा एका पंडिताची खाजगी मिळकत नव्हती. संस्थेने ती स्वीकारली होती व दुसऱ्या प्रांतातील केंद्रालाही ती वापरता येत होती.

याच्या उलट उदाहरण युरोपातील आहे. पीटर रॉबिन्सन यांनी पाठतुलनेसाठी 'कोलेट' नावाची आज्ञावली घडविली व चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'च्या हस्तलिखितांसाठी ती वापरली. तिची गुणवत्ता वादातीत होती. पण ती मॅकिंटॉश संगणकाच्या जुन्या प्रणालीवर चालणारी होती व तिची घडण मुख्यतः एकाच व्यक्तीच्या हाती होती. प्रणाली बदलली आणि साधन निरुपयोगी झाले. त्याची जागा घेणारे 'कोलेटएक्स' पुढे अनेक देशांतील अभ्यासकांच्या सहकार्यातून, खुल्या मूलसंकेतासह उभे करावे लागले. आपल्या विद्यापीठांतील साधनांनी या अनुभवाची पुनरावृत्ती करण्याचे कारण नाही. त्यांचा मूलसंकेत खुला करावा आणि त्यांना एखाद्या मोठ्या मुक्त-आज्ञावली प्रतिष्ठानाच्या छत्राखाली न्यावे, हा मार्ग श्रेयस्कर आहे. मात्र हे स्थलांतर अटी समजून घेऊन व्हावयास हवे.

छत्रे सारखी नसतात. १९८५ साली स्थापन झालेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची परंपरा अशी, की तिच्या आश्रयाखालील अनेक प्रमुख आज्ञावलींचे स्वामित्वहक्क लेखकांनी प्रतिष्ठानाच्या नावे करून द्यावेत. १९९९ साली स्थापन झालेले अपाचे प्रतिष्ठान स्वामित्वहक्क मागत नाही. लेखकाकडून व्यापक परवाना घेते, परंतु प्रकल्पाचे नाव व बोधचिन्ह प्रतिष्ठानाचे होते. नवागत प्रकल्पाला तेथे उमेदवारीचा काळ काढावा लागतो. निर्णय उघडपणे होतात की नाही आणि प्रकल्प एकाच मालकाच्या माणसांवर अवलंबून आहे काय, हे त्या काळात पाहिले जाते. ज्या प्रकल्पांत काम करणारे कोणी उरत नाही, त्यांची रवानगी तेथे 'माळ्यावर' होते, म्हणजे मूलसंकेत जपला जातो पण त्यात भर पडत नाही. तिसरा प्रकार २००६ साली सुरू झालेल्या सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्वन्सीचा. ही संस्था हिशेब, देणग्या व कायदेशीर बाबी सांभाळते आणि साधनाची तांत्रिक दिशा त्याच्या कर्त्यांकडेच ठेवते. साहित्याभ्यासाच्या छोट्या साधनांना हा शेवटचा प्रकार अधिक मानवेल, असे दिसते.

छत्र मिळाले म्हणजे आयुष्य मिळाले, असेही नाही. 'ओपनऑफिस' या आज्ञावलीची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. २०१० च्या आरंभी ओरॅकलने सन ही कंपनी घेतली आणि तिच्याबरोबर ही आज्ञावलीही त्या कंपनीकडे आली. धोरणाविषयी साशंक झालेल्या अनेक कर्त्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'डॉक्युमेंट फाउंडेशन'ची घोषणा करून 'लिब्रेऑफिस' हा वेगळा संसार थाटला. ओरॅकलने २०११ मध्ये मूळ आज्ञावली अपाचेच्या स्वाधीन केली खरी. पण तोवर काम करणारे हात बहुतांशी दुसरीकडे गेले होते. नाव, मूलसंकेत आणि बोधचिन्ह यांचे हस्तांतर दस्तऐवजाने होऊ शकते. कर्त्यांच्या विश्वासाचे होत नाही. म्हणून स्थलांतराची वेळ महत्त्वाची आहे. साधनाचे कर्ते उमेदीत असताना, त्यांच्या संमतीने व त्यांच्यासह ते व्हावे. निधी संपल्यावर, सहकारी पांगल्यावर केलेले दान हे बव्हंशी उत्तरकार्यच ठरते.

भारतीय भाषांच्या बाबतीत याहूनही नाजूक मुद्दा आहे. पाश्चात्त्य ताडणी-साधने शब्द ओळखतात ते सामान्यतः मधल्या मोकळ्या जागेवरून. जुन्या मराठी पोथ्यांत ओळ सलग लिहिलेली असते. शब्द कोठे तुटतो हाच तेथे अनेकदा पाठभेदाचा विषय असतो. महाभारताच्या तक्त्यांनी शब्द हे एकक न मानता अक्षर हे एकक मानले, यात मोठे शहाणपण होते. शिवाय, अनुस्वार आणि परसवर्ण यांतील फरक खरा पाठभेद मानावा की लेखनरूढी, हे संपादकाला ठरविता आले पाहिजे. मराठीतील 'ऱ्य', 'ऱ्ह' ही जोडाक्षरे संगणकात एकाहून अधिक प्रकारे नोंदली जातात. डोळ्यांना एकच दिसणारी अक्षरे यंत्राला भिन्न वाटतात. बंगालीतील 'खंड त' या वर्णाला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००५ साली. त्यापूर्वीच्या व नंतरच्या संहिता एकत्र ताडताना त्याचे भान ठेवावे लागते. या गोष्टी मोठ्या प्रतिष्ठानातील कुशल तंत्रज्ञालाही आपोआप सुचणार नाहीत, आणि ज्याला त्या ठाऊक आहेत त्याला निर्णयात मत नसेल तर त्या दुरुस्त होणार नाहीत.

येथे एक आक्षेप संभवतो. आपल्या विद्यापीठांतील श्रमाचे फळ परदेशी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेच्या हाती का द्यावे? आक्षेपामागील भावना समजण्याजोगी आहे. परंतु खुल्या परवान्याचे स्वरूप लक्षात घेता ती भीती टिकत नाही. मूलसंकेताची प्रत घेऊन वेगळे होण्याचा अधिकार प्रत्येकाला कायम राहतो. लिब्रेऑफिसचा जन्म हीच त्याची साक्ष. खरी कोंडी बंद हक्कातून होते. रवीन्द्रनाथांच्या ग्रंथांचा स्वामित्वहक्क विश्वभारतीकडे होता व त्याची मुदत १९९२ च्या कायदेबदलाने वाढून २००१ च्या अखेरीस संपली. 'विचित्रा'सारखा उपक्रम उभा राहिला तो त्यानंतरच्या काळात. हक्क स्वदेशी संस्थेकडे आहे की परकी, यापेक्षा तो उघडा आहे की बंद, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

तथापि विश्वभारतीचे दुसरे उदाहरणही विसरून चालणार नाही. १९२१ साली स्वतंत्र संकल्पातून उभी राहिलेली ही संस्था १९५१ मध्ये संसदेच्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठ झाली. तिला स्थैर्य लाभले, आणि त्याबरोबर नियम, पदे व मंजुऱ्या यांची चौकटही आली. मोठ्या छत्राचे मोल असे मोजावेच लागते. प्रश्न एवढाच, की कोणती गोष्ट मोलादाखल द्यावयाची आणि कोणती मुळीच द्यावयाची नाही.

साधनाचे कर्ते, त्यांचे विद्यापीठ आणि प्रतिष्ठान यांच्यातील करारात म्हणूनच चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. स्वामित्वहक्क कर्त्यांकडे अथवा त्यांच्या विद्यापीठाकडे राहून प्रतिष्ठानाला केवळ परवाना मिळावा. लिपी, एकक व लेखनरूढी यांविषयीचे निर्णय त्या त्या भाषेच्या संपादकांच्या मंडळाकडे असावेत. बंगाली, मराठी, ओडिया, तमिळ अशा विविध भाषांतील छोटे नमुना-पाठ साधनासोबतच ठेवले जावेत, म्हणजे कोणताही बदल करण्यापूर्वी तो या सर्व लिप्यांवर तपासता येईल. आणि विद्यापीठाने निदान एका माणसाचे वेतन साधनाच्या देखभालीसाठी बांधून द्यावे; ते काम ग्रंथसंपादनाच्या तोडीचे मानून बढतीच्या वेळी मोजावे.

यांतील अखेरची अट सर्वांत अवघड आहे. ती परदेशी प्रतिष्ठानाने नव्हे, तर आपल्याच विद्वत्सभांनी मान्य करावयाची आहे. तक्त्यांवर अक्षर अक्षर उतरविणाऱ्या लेखनिकांशिवाय महाभारताची आवृत्ती निघाली नसती. तरी त्या लेखनिकांची नावे आज किती जणांना सांगता येतील? संगणकाच्या युगातील लेखनिकांच्या वाट्याला तेच येऊ नये, ही जबाबदारी भारतीय साहित्याच्या अध्यापकांची आहे आणि ती त्यांना दुसऱ्या कोणावर सोपविता येणार नाही.