आतला पट्टा

कुकरची रिंग सैल झाली की वाफ फुसफुसते, नळाचा वायसर गेला की रात्रभर टिपटिप चालते. घरातल्या बहुतेक वस्तू बिघडायच्या आधी कुरकुरतात तरी. मोटारीच्या इंजिनात मात्र एक रबरी दातेरी पट्टा असतो, तो शेवटच्या मिनिटापर्यंत मुकाट्याने काम करतो आणि एकदम तुटतो. त्याचं नाव टायमिंग बेल्ट.

गाडीचं बघायला हे आहेत, आपण कशाला डोकं घालायचं, असं म्हणू नका. मुलांना घेऊन त्या गाडीत आपणच बसतो, आणि हल्ली पुष्कळ जणी स्वतः चालवतातही.

दोघी जणी एकाच उखळात आळीपाळीने मुसळ घालतात, ते आठवा. एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. ताल चुकला की मुसळावर मुसळ! इंजिनात खालून पिस्टन वर येतो आणि वरून व्हॉल्व्ह खाली उघडतात. दोघांचा ताल हा पट्टा सांभाळतो. तो तुटला, की पुष्कळशा इंजिनांत, डिझेलच्या तर जवळजवळ सगळ्याच, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावं लागतं. पट्टा वेळेवर बदलण्याच्या कितीतरी पट खर्च मग येतो.

आमच्या शेजारच्या वहिनींची गाडी अशीच लग्नाला संभाजीनगरकडे निघालेली, इमामपूरच्या घाटात बंद पडली. मे महिन्याचं ऊन, बरोबर म्हाताऱ्या सासूबाई. इंजिन बंद झालं म्हणजे स्टिअरिंगही जड होतं आणि ब्रेकला दोन-चार वेळा दाबल्यावर बराच जास्त जोर लावावा लागतो, हे त्यांना तिथे कळलं. अशा वेळी गाडी डावीकडे घेऊन चारी दिवे लुकलुकते ठेवावेत. चावी फिरवफिरव करू नये, त्याने नुकसान वाढतंच.

आम्हीही गाडी जुनीच घेतलेली, डिझेलची. पट्टा कधी बदलला याची पावती नाही. ह्यांचं म्हणणं, "चालतीय ना छान? मग कशाला खोलायची?" यावर काय बोलणार! पण दिवाळीत माळशेज घाटाने कल्याणला जायचं होतं. मग शाळेच्या मानधनातले पैसे मीच पुढे केले. गॅसची रबरी नळी गळत नसली तरी पाच वर्षांनी बदलतो ना आपण? तोच न्याय.

आता कामाचं. सगळ्याच गाड्यांत पट्टा नसतो. मारुती ८००, जुनी सॅन्ट्रो, डिझेल डस्टर यांत आहे. मारुतीच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनांत साखळी आहे. साखळीला ठरावीक मुदतीची अदलाबदल सहसा नसते, तेल मात्र वेळच्या वेळी बदलावं लागतं. आपल्या गाडीत काय आहे आणि किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचं, ते गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. यातलं जे आधी भरेल ते धरायचं. गाडी नुसती दारात उभी असली तरी रबराचं वय वाढतंच. आणि जुनी गाडी घेताना पावती मिळाली नाही, तर बदललेला नाही असंच समजावं.

बॉनेट उघडल्यावर दिसतो, चिर्र चिर्र ओरडतो, तो पट्टा वेगळा बरं का! तो बदलून "बेल्ट टाकला" म्हणणारेही भेटतात. हा आत, झाकणाखाली असतो. त्याच्याबरोबर त्याला ताण देणारी पुली बदलावी. ज्या इंजिनात पाण्याचा पंप याच पट्ट्यावर फिरतो, तिथे तोही त्याच वेळी बदलून घ्यावा, म्हणजे खोलण्याची मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही. कुठून तेल ठिबकत असेल तर ते आधी थांबवायला सांगा. तेलाने नवा पट्टाही लवकर जातो. जोडून झाल्यावर खुणा जुळवून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पाहिल्याशिवाय चावी लावू देऊ नका. चांगला मिस्त्री हे न सांगता करतो. तरी विचारावं, रागावत नाही कुणी.

जुना पट्टा मागून घ्यायलाही विसरू नका. आमचा वरून अगदी धडधाकट दिसत होता. ह्यांनी तो उलटा वाकवला, तर दातांच्या मुळाशी बारीक चिरा! काही न बोलता त्यांनी तारीख आणि किलोमीटरचा आकडा एका चिठ्ठीवर लिहिला आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून टाकला.