ओळख देणाऱ्याची सही

बँकेत नवे खाते उघडण्याचा जो छापील अर्ज पूर्वी असे, त्याच्या तळाशी एक रकाना हमखास असायचा : ‘ओळख देणाऱ्याची सही’. ज्याचे त्या बँकेत आधीपासून खाते आहे अशा कुणीतरी ‘मी यांना ओळखतो’ असे लिहून द्यायचे, आपला खाते क्रमांक घालायचा आणि सही ठोकायची. या सहीमागे कायद्याचे कारण होते. दुसऱ्याचा धनादेश चोरून कुणी भलत्याच खात्यात वटवला, तर बँकेला १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या १३१ व्या कलमाचे संरक्षण मिळू शकते. मात्र त्यासाठी बँकेने निष्काळजीपणा केलेला नसावा लागतो. अनोळखी माणसाचे खाते कुणाच्या ओळखीशिवाय उघडणे हा निष्काळजीपणाच, असा न्यायालयांचा कल असे. सही करणाऱ्याला पैशाची तोशीस सहसा लागत नसे. तरीही ती सही करताना भली भली माणसे पेन हातात धरून क्षणभर थांबत. आपण दुसऱ्याच्या नावाला आपली पत जोडतो आहोत, हे त्यांना न सांगता कळत असे.

पुढे ओळखपत्रांचा जमाना आला. कागदपत्रे पुरी असतील तर खाते उघडण्यासाठी कुणाच्या ओळखीचा आग्रह धरू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बँकांना कळवले. निर्णय योग्यच होता. बदलीवर आलेला कारकून, परगावची परिचारिका, बांधकामावरचा मजूर यांना गावात ओळख देणारे कोण असणार? त्यांच्यासाठी दार उघडले. पण बँकेच्या अर्जावरून तो रकाना गेला म्हणून गावच्या व्यवहारातून तो गेला असे नव्हे. भाड्याने गाळा घेताना, पहिले अशील मिळवताना, कारखान्याच्या फाटकातून आत शिरताना तो अजूनही भरावा लागतो. छापलेला नसल्यामुळे दिसत नाही, एवढेच.

हे सारे मनात आले ते कोल्हापूर-सांगलीसारख्या शहरांत गेल्या काही वर्षांत रुजलेल्या एका नव्या रिवाजामुळे. सकाळी सात वाजता एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये पाच-पन्नास तरुण व्यावसायिक जमतात. छातीवर नावाची पट्टी. प्रत्येकाने उभे राहून मिनिटभरात आपला धंदा सांगायचा, टाळ्या घ्यायच्या, मग उपमा-इडली खाताना कार्डे वाटायची आणि घरी पोचायच्या आत व्हॉट्सॲपच्या आणखी एका गटात सामील व्हायचे. कुठे संगणकवाल्यांची शनिवारची बैठक, कुठे नवउद्योजकांचा ‘मीट-अप’, कुठे इंग्रजी भाषणाचा सराव करणारे मंडळ. या सगळ्याला ‘नेटवर्किंग’ म्हणतात. जुन्या पिढीला यात मौज वाटते. एवढ्याशा गावात, जिथे मिसळीच्या गाड्यावर चार ओळखीची माणसे भेटल्याशिवाय राहत नाहीत, तिथे ओळखी करून घ्यायला पैसे भरून हॉटेलात कशाला जायचे, असा तिचा प्रश्न असतो.

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी ही तरुण मंडळी आहेत तरी कोण, हे पाहायला हवे. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-बंगळुरूहून लॅपटॉपसह घरी आलेली आणि इथेच राहिलेली काही आहेत. त्यांचे गिऱ्हाईक सातासमुद्रापलीकडे, पण कोपऱ्यावरच्या इमारतीत त्यांना कुणी ओळखत नाही. लग्न होऊन या गावात आलेली सनदी लेखापाल आहे; तिच्या ओळखी सगळ्या माहेरच्या शहरात. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामे त्याच्याकडे आहेत. म्हणजे दूरच्या तालुक्यातल्या तरुण वकिलालाही आता या गावात पाय रोवावेसे वाटणार.

यातली मेख अशी की या मंडळींतल्या अनेकांना जाहिरात करण्याची मुभाच नाही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करून काम मागता येत नाही. सनदी लेखापाल, डॉक्टर, वास्तुरचनाकार यांच्यावरही आपापल्या व्यवसायाच्या आचारसंहितेचे असेच निर्बंध आहेत. दुकानदार फलक लावील, सवलत जाहीर करील. वकिलाने काय करावे? त्याला कुणीतरी कुणाकडे तरी ‘यांना भेटा, माणूस चांगला आहे’ असे म्हणावे लागते. ज्याचे वडील वकील, त्याला हे वाक्य वारशात मिळते. ज्याचे वडील शेतमजूर, त्याला ते मिळवावे लागते. तेव्हा या सकाळच्या बैठकांना नुसते हसून चालणार नाही.

शिवाय ही कल्पना वाटते तितकी नवीही नाही. पॉल हॅरिस नावाचा, लहान गावात वाढलेला वकील शिकागोत व्यवसाय करी. मोठ्या शहरात एकाकी पडलेल्या या माणसाने १९०५ मध्ये तीन सोबती जमवले आणि पाळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटायचे ठरवले. या पाळीवरूनच ‘रोटरी’ हे नाव पडले. सुरुवातीला सभासदांनी एकमेकांना धंदा द्यावा हा हेतू उघड होता, आणि एका व्यवसायाचा एकच सभासद असा दंडक होता. समाजसेवा नंतर आली. हाच दंडक इव्हान मिस्नर यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या ‘बीएनआय’च्या गटांतही आहे. आपल्याकडे मराठी उद्योजकांनी एकमेकांचा हात धरावा म्हणून माधवराव भिडे यांनी ‘सॅटर्डे क्लब’ काढला.

मग आमच्या गावात याआधी काय होते? पुष्कळ होते. पेठेपेठेतल्या तालमी होत्या, मंडळे होती, रात्री जेवणानंतरचा कट्टा होता आणि भिशी होती. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला भिशीचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. वीस जणांनी दरमहा हजार रुपये काढायचे, चिठ्ठी टाकायची आणि जिच्यावर नाव निघेल त्याला वीस हजार द्यायचे. ना कागद, ना तारण. ज्याला पहिल्या महिन्यात रक्कम मिळाली तो पुढचे एकोणीस महिने हजार रुपये आणून देतो, कारण तो कुणाचा कोण हे सगळ्यांना माहीत असते. अनोळखी माणसाला भिशीत घ्यायचे तर आणणाऱ्याला त्याची हमी घ्यावी लागते. ओळख देणाऱ्याची सही ती हीच.

पण या जुन्या व्यवस्थेचा पहिला प्रश्न असे, ‘कुणाचा रे तू?’ आडनाव, मूळ गाव, मामाचे घर, पेठ. उत्तर पटले की माणूस आत. नाही पटले की चहा मिळतो, काम मिळत नाही. ज्याचे आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा बदलतो, त्याला तो प्रश्न कसा टोचतो हे विचारणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही. आणि बायकांना तर कट्ट्यावर जागाच नव्हती. साहेबाच्या देशातली आधुनिक मंडळेही यात मागे नव्हती : रोटरीने स्त्रियांना जगभर सभासदत्व खुले केले ते १९८९ मध्ये. नव्या बैठकीत ‘कुणाचा’ ऐवजी ‘काय करता?’ असे विचारतात. प्रश्नातला हा बदल लहान दिसतो, पण छोट्या शहराच्या दृष्टीने तो मोठा आहे.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्या माणसांना त्याने विचारले होते, की ही नोकरी ज्याच्याकडून कळली तो माणूस तुम्हाला कितपत भेटत असे? वारंवार भेटणारे शंभरात सुमारे १७ निघाले, अधूनमधून भेटणारे ५६ आणि क्वचितच भेटणारे २८. कारण विचार केला तर सोपे आहे. रोजच्या मित्रांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीत असतेच. नवी बातमी आणतो तो लांबचा परिचित. छोट्या शहरात सगळे सगळ्यांना ओळखतात असे आपण अभिमानाने म्हणतो. खरे पाहता जो तो आपल्याच वर्तुळातल्या सगळ्यांना ओळखत असतो. उद्यमनगरातल्या ओतकामाच्या कारखानदाराला संगणकावर सुट्या भागांचे आराखडे करून देणारी मुलगी हवी असते आणि दोन चौक सोडून तशी मुलगी घरी बसून जर्मनीतल्या कंपनीचे काम करीत असते. दोघांना जोडणारा सामाईक मामा नसतो, म्हणून त्यांची गाठ पडत नाही. ती पडावी यासाठी एखादी तिऱ्हाईत जागा लागते. या बैठकांचे खरे काम हे आहे.

ते होते का? थोडे होते, पुष्कळसे होत नाही. पहिली अडचण, बैठकीला येणारा प्रत्येकजण विकायला आलेला असतो. विमा विकणारा, फ्लॅट विकणारा, संकेतस्थळ करून देणारा. घेणारा कुणीच नाही. बँकेत सगळे कर्ज मागणारेच आले आणि ठेवीदार एकही फिरकला नाही तर काय होईल, तसे हे. दुसरी अडचण, काही ठिकाणी दर आठवड्याला अमुक इतकी गिऱ्हाइके दुसऱ्याला सुचवलीच पाहिजेत असा हिशेब ठेवतात. उद्दिष्ट ठरवून दिले की कागदावर ते पुरे होते, हे मार्चअखेर पाहिलेल्या कुठल्याही बँकवाल्याला सांगायला नको. ज्याला आपण धड ओळखत नाही त्याचे नाव नुसती भर म्हणून पुढे केले, तर त्या नावाला वजन राहत नाही. आणि डॉक्टरांच्या बाबतीत रुग्ण पाठवण्याबद्दल मोबदला घेणे-देणे आचारसंहितेने निषिद्धच आहे. शिफारस आणि ‘कट’ यांतली रेघ तिथे पुसट होऊ देता कामा नये.

तिसरी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वार्षिक वर्गणी, हॉटेलचा नाश्ता, सकाळी सातची वेळ आणि इंग्रजीत बोलण्याचे दडपण. सात वाजता घरात डबे भरायचे असतात, मुलांची रिक्षा यायची असते. तेव्हा डॉक्टरीण किंवा आर्किटेक्ट असलेली गृहिणी तिथे पोचणार कशी? तालुक्याच्या गावाहून पहिल्या एसटीने येणारा पोरगा कसा पोचणार? म्हणजे ज्यांच्यासाठी ही व्यवस्था हवी, तेच बाहेर, आणि ज्यांच्या वडिलांना सारे गाव ओळखते ते आत. जुन्या कट्ट्याचे दार आडनावाने बंद होते. नव्याचे पैशाने आणि घड्याळाने होऊ पाहते.

कोल्हापूरला या बाबतीत बाहेरून शिकवणी लावण्याची गरज नाही. शतकापूर्वी गंगाराम कांबळे या दलित तरुणाने शाहू महाराजांच्या पाठिंब्याने या शहरात चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही देऊ लागले. भांडवलाची मदत एक वेळ कुणीही केली असती. महाराजांनी त्या कपात आपली प्रतिष्ठा ओतली. छत्रपती जिथे चहा पितात तिथे आपण प्यावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. खेड्यातल्या मुलाला शहरात टेकायला जागा नाही म्हणून १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जो आधार दिला, त्यातही हेच होते. ज्याला गावात कुणी नाही, त्याच्या नावापुढे कुणा वजनदाराने सही करणे.

ओळख आणि जामीन यांत फरक आहे, हे येथे सांगायला हवे. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्या भीतीने माणसे हात आखडता घेतात आणि ते स्वाभाविकही आहे. ओळख देणाऱ्याने पैशाची हमी द्यायची नसते. ‘याचे काम मी पाहिले आहे, तुम्हीही पाहा’ एवढेच म्हणायचे असते. त्यासाठी काम मात्र खरोखर पाहिलेले असावे लागते.

तेव्हा या बैठका बंद करा असे मी म्हणणार नाही. उलट वाढवा, पण थोड्या फिरवून घ्या. महिन्यातली एक बैठक संध्याकाळी, बिनवर्गणीची आणि मराठीत होऊ द्या. जागेची वानवा नाही. कोल्हापुरात १८५० पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर आहे, १९६२ पासूनचे शिवाजी विद्यापीठ आहे. इतर शहरांतही नगरवाचनालये आणि महाविद्यालयांची सभागृहे संध्याकाळी रिकामी असतात. विकणाऱ्यांबरोबर घेणाऱ्यांनाही बोलवा : कारखानदार, शाळाचालक, रुग्णालयांचे व्यवस्थापक. मिनिटभराच्या भाषणाऐवजी दोघा-तिघांनी आपले एखादे केलेले काम दाखवावे आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. आणि प्रत्येक जुन्या सभासदाने वर्षातून निदान एक असा माणूस बरोबर आणावा, जो त्याचा नातेवाईक नाही, जातीचा नाही, पेठेतला नाही.

या रविवारी घरात एखादा मुलगा किंवा सून अशा बैठकीहून कार्डांचा गठ्ठा घेऊन आली असेल, तर तिला किती कार्डे मिळाली ते विचारू नका. तिने आज कुणाची ओळख कुणाशी करून दिली, ते विचारा.