हवा येऊ द्या!

गाडी म्हटली की आपण काय बघतो? रंग, मायलेज, म्युझिक सिस्टिम आणि फारच हौशी असलो तर हॉर्सपॉवर. बॉनेटखालचा पंखा बघून गाडीच्या प्रेमात पडलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. पण ज्यांच्या गॅरेजमध्ये जुनी अमेरिकन मसल कार उभी आहे, त्यांच्यासमोर हा विषय काढून बघा. चहा थंड होईल, पण चर्चा थंड व्हायची नाही. कुठला पंखा लावायचा यावरून ही मंडळी अशी भांडतात, जशी आपण मिसळ कुठली भारी यावरून भांडतो.

मसल कार म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. १९६४ साली पॉन्टिअ‍ॅकने मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ क्युबिक इंचाचं, म्हणजे ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन दिलं आणि तिला जीटीओ नाव दिलं. साधी बॉडी, परवडणारी किंमत आणि आत राक्षस! तरुण पोरं वेडी झाली. मग शेव्हेल, चार्जर, रोड रनर अशी रांगच लागली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इन्शुरन्सचे चढे हप्ते, प्रदूषणाचे नवे नियम आणि १९७३ चं तेलसंकट यांनी ही पार्टी आटोपली. गाड्या मात्र राहिल्या. आज त्यांना जिवापाड जपणारे लोक आहेत.

त्यातलाच एक माझा मामेभाऊ. डेट्रॉइटजवळ एका ऑटो कंपनीत इंजिनिअर आहे. पुण्याहून तिकडे गेलेली अशी मराठी मुलं खूप आहेत. बाकीच्यांनी घरं घेतली, दादाने आधी १९६९ ची शेव्हेल घेतली. ३५० क्युबिक इंचाचं इंजिन, म्हणजे ५.७ लिटर. आपल्या मारुती ८०० ची सात इंजिनं एकत्र बांधा, साधारण तेवढं. आणि ते इंजिन ओरिजिनल, फॅक्टरीतून त्याच गाडीबरोबर निघालेलं. या दुनियेत त्याला ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणतात आणि गाडीची किंमत त्यावर बरीच अवलंबून असते. ते इंजिन गेलं की दुसरं मिळतं, पण ‘तेच’ मिळत नाही.

आता प्रॉब्लेम. हायवेला गाडी एकदम शहाणी. सिग्नलला चार-पाच मिनिटं थांबली की टेम्परेचरचा काटा वर. आणि दादाला जायचं होतं वुडवर्ड ड्रीम क्रूझला. १९९५ पासून डेट्रॉइटच्या उपनगरांत वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर भरणारी ही जुन्या गाड्यांची जत्रा. ऑगस्टमधला तिसरा शनिवार, भर उन्हाळा आणि मैलोन्‌मैल बंपरला बंपर लावून सरकणाऱ्या हजारो गाड्या. म्हणजे गरम होणाऱ्या गाडीसाठी ही तोंडी परीक्षाच म्हणा ना!

दादाने इंटरनेटवर दोन जंगी इलेक्ट्रिक पंखे पसंत केले आणि मला फोटो पाठवले. मी म्हटलं, “दादा, आधी तो पंखा नक्की करतो काय, ते तरी सांग.” (पत्रकार असण्याचा हा फायदा. बावळट प्रश्न विचारायचं लायसन्स असतं.) मग पुढचे दोन-तीन रविवार व्हिडिओ कॉलवर माझी शिकवणीच झाली.

पंखा हवा कधी?

तुम्ही टाकलेल्या पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच चाकांच्या कामी येते. तेवढीच सायलेन्सरवाटे जाते आणि उरलेली उष्णता कूलंटला उचलावी लागते. कूलंट ती रेडिएटरपर्यंत नेतो आणि रेडिएटरमधून जाणारी हवा ती घेऊन जाते. गाडी ताशी ५०-६० किलोमीटरच्या वर पळत असली की समोरून येणारी हवाच पुरते, पंख्याचं फार काम नसतं. पंख्याची खरी ड्युटी लागते ती सिग्नलला, ट्रॅफिक जॅममध्ये किंवा घाट रडतखडत चढताना. पूर्वी मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आठवतात? तेच ते.

यातून एक फार कामाचा नियम निघतो. थांबल्यावर गाडी तापते? संशय पंख्यावर, हवेवर. हायवेला तापते? पंख्याला दोष देऊ नका. तिथे रेडिएटर चोंदलेला असेल, वॉटर पंप दमला असेल किंवा खालचा होज आत ओढला जात असेल. या दुसऱ्या केसमध्ये कितीही महागडा पंखा लावा, पैसे पाण्यात. तेही गरम पाण्यात.

चार स्वभाव, चार पंखे

पहिला फिक्स्ड फॅन. वॉटर पंपाच्या पुलीला थेट बोल्टने जोडलेला. इंजिन फिरतं तसा हाही फिरतो, गरज असो वा नसो. ऑफिसमध्ये काम नसतानाही धावपळ करणारा सहकारी असतो ना, तसा. बिघडण्यासारखं त्यात काही नाही, हा मोठा गुण. पण पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद आठपट होते. म्हणजे गाडी सुसाट असताना, जेव्हा त्याची गरजच नाही, तेव्हाच तो इंजिनाकडून सगळ्यात जास्त हॉर्सपॉवर खातो. वर विमानासारखा आवाज फुकट.

दुसरा फ्लेक्स फॅन. याची पाती पातळ. वेग वाढला की ती सपाट होतात आणि ताकद कमी खातात. आयडिया छान, किंमतही कमी. पण वारंवार वाकून धातूची जुनी पाती मुळाशी तडकतात आणि तुटून उडाल्याचे प्रकार घडलेले आहेत. बॉनेट फाडून बाहेर येऊ शकणारी वस्तू मी तरी सेकंड हँड घेणार नाही. गाडीत आधीपासून असेल, तर प्रत्येक पातं मुळाशी बारकाईने तपासा.

तिसरा क्लच फॅन. आपल्याकडचे ट्रक आणि जीपवाले मेकॅनिक याला ‘विस्कस फॅन’ म्हणतात. पंखा आणि पुली यांच्यामध्ये घट्ट सिलिकॉन ऑइल भरलेला क्लच असतो. थर्मल प्रकारात पुढच्या बाजूला धातूची एक छोटी कॉइल असते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की कॉइल वळते, आतली झडप उघडते आणि पंखा जोर धरतो. गार झाली की पुन्हा निवांत. वायर नाही, स्विच नाही, सेन्सर नाही. साठच्या दशकातलं हे डोकं आजही बिनतोड आहे. मात्र क्लच म्हातारा होतो. इंजिन बंद आणि गार असताना पंखा हाताने फिरवून बघा. काहीच विरोध न करता गरगर फिरला किंवा क्लचभोवती तेलकट ओघळ दिसला, तर त्याची रिटायरमेंट पार्टी करून टाका.

चौथा इलेक्ट्रिक. सगळ्यांचा लाडका, कारण मॉडर्न. इंजिनाच्या वेगाशी त्याला देणंघेणं नाही, त्यामुळे सिग्नलला पूर्ण जोर देतो आणि हायवेला गप्प बसतो. जुनी पोरं तर भंगारवाल्याकडून फोर्ड टॉरसचा पंखा काढून आणतात आणि मसल कारला बसवतात. पण इथे एक गोम आहे. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांचा अल्टरनेटर ३७ अँपिअरचा, फार तर साठेक. एक मोठा पंखा एकटाच २५-३० अँपिअर मागतो, सुरू होताना तर त्याहून जास्त. त्यात सिग्नलला इंजिन हळू चालतं, तेव्हा अल्टरनेटर सगळ्यात कमी करंट देतो. म्हणजे मागणी सर्वाधिक आणि पुरवठा सर्वांत कमी, एकाच वेळी! आपल्या लोकलच्या सकाळच्या आठ चाळीससारखं. म्हणून इलेक्ट्रिक घ्यायचा तर सोबत मोठा अल्टरनेटर, जाड वायर, रिले, फ्यूज आणि टेम्परेचर स्विच असा अख्खा संसार घ्यावा लागतो.

जाहिरातीतल्या हवेच्या आकड्यांनाही भुलू नका. ते बहुतेकदा मोकळ्या हवेत मोजलेले असतात. पुढे दाट जाळीचा रेडिएटर आला की आकडा घसरतो. शक्यतो रेडिएटरच्या मागे बसून हवा ओढणारा पंखा घ्या, पुढून ढकलणारा नाही. आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या रेडिएटरच्या जाळीतून ओवून पंखा लटकवायचा जुगाड नको, घासून घासून नळ्यांना भोक पडतं.

हिरो कोण निघाला?

इतकं सगळं झाल्यावर एका शनिवारी दादाच्या शेजारचे आजोबा डोकावले. आयुष्य कारखान्यात काढलेला माणूस. त्यांनी बॉनेटखाली बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, श्राउड कुठाय?

श्राउड म्हणजे रेडिएटर आणि पंखा यांच्यामधलं नरसाळ्यासारखं आवरण. ते असलं की पंखा रेडिएटरच्या पूर्ण जाळीतून हवा ओढतो. नसलं की फक्त स्वतःसमोरच्या गोलापुरती, शिवाय बाजूची गरम हवाच पुन्हापुन्हा घुसळत बसतो. आधीच्या कुणा मालकाने काम करताना ते काढलं आणि परत बसवलंच नाही. जुन्या गाड्यांत हे सर्रास होतं. म्हणजे दादा पंख्याला शिव्या घालत होता आणि पंखा बिचारा उघड्या मैदानात फुंकर घालत होता!

शेवटी दादाने नवं श्राउड आणि थर्मल क्लच फॅन बसवला. इलेक्ट्रिकच्या पूर्ण संसारापेक्षा खर्च बराच कमी. गाडीला एकही नवं भोक पाडावं लागलं नाही, ओरिजिनल रूप जसंच्या तसं. पात्याची अर्धी रुंदी श्राउडच्या आत, अर्धी बाहेर आणि भोवती इंचभर मोकळी जागा, कारण अ‍ॅक्सिलरेटर दिला की व्ही-८ इंजिन जागच्या जागी डुलतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गाडी वुडवर्डवर दिवसभर सरकत होती. काटा १९५ फॅरनहाइटच्या, म्हणजे ९० सेल्सिअसच्या आसपास. दादाचा पारा मात्र त्याहून खाली होता, असं वहिनी म्हणाली.

मग कुठला घ्यायचा?

सरळ हिशोब. गाडी मुळच्या रूपात ठेवायचीय, अधूनमधून फिरवायचीय? श्राउड आणि क्लच फॅन. इंजिन वाढवलंय, एसी बसवलाय, रोज ट्रॅफिकमध्ये न्यायचीय आणि वायरिंगवर खर्च करायची तयारी आहे? इलेक्ट्रिक. जागाच इतकी कमी की क्लच मावत नाही? तरीही इलेक्ट्रिक किंवा साधा फिक्स्ड. इलेक्ट्रिकचा स्विच थर्मोस्टॅटच्या आकड्यापेक्षा थोडा वर सेट करा. थर्मोस्टॅट १८० फॅरनहाइटचा असेल, तर पंखा १९५-२०० ला सुरू होऊ दे. त्याच्या खाली ठेवलात, तर तो बंद व्हायचं नाव घेणार नाही.

आणि दोन गोष्टी जिवाच्या. काही इलेक्ट्रिक पंखे इंजिन बंद केल्यावरही अचानक सुरू होतात, तेव्हा दुपट्टा, टाय, सैल बाही आणि बोटं लांब. दुसरं, तापलेल्या रेडिएटरचं झाकण म्हणजे शिट्टी न काढलेला कुकर. गाडी पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही, कितीही घाई असली तरी.

तुमच्याकडे शेव्हेल नसेल, मान्य. माझ्याकडे तर स्कूटी आहे, तिला पंखाच दिसत नाही. पण जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर हौसेने सांभाळणारे एखादे काका तुमच्या सोसायटीत असतीलच. येत्या रविवारी त्यांच्या बॉनेटखाली डोकावा आणि सहज विचारा, “काका, श्राउड कुठाय?” इम्प्रेशन पडलंच म्हणून समजा!