३२० कोटी वर्षांचा लेगसी कोड

शुक्रवारी ऑफिसात पुन्हा तोच वाद. एक जुनं मॉड्यूल आहे, लिहिणारे केव्हाच सोडून गेलेत. मी नेहमीसारखा म्हणालो, "फेकून द्या, नव्याने लिहू." शनिवारी नायट्रोजनबद्दल वाचत बसलो आणि जरा खजील झालो.

म्हणजे कसं बघा, हवेत ७८ टक्के नायट्रोजन, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने असे घट्ट चिकटलेले की बहुतेक जीवांना त्याचा काही उपयोग नाही. आणि त्याच्याशिवाय प्रथिनं नाहीत, डीएनए नाही. मग कुठल्याशा सूक्ष्मजीवात नायट्रोजिनेज नावाचं एन्झाइम तयार झालं. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या खडकांमधल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून २०१५ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की ३२० कोटी वर्षांपूर्वी हे काम बहुधा सुरू झालं होतं.

आता गंमत. या एन्झाइमला ऑक्सिजन अजिबात चालत नाही, लागला की निकामी! तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हताच, त्यामुळे कुणाचं अडलं नाही. साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन साठायला लागला. मग निसर्गाने नवं एन्झाइम लिहिलं का? नाही. जुनंच ठेवून भोवती बंदोबस्त केला. ॲनाबीनाने जाड भिंतींच्या वेगळ्या पेशी काढल्या, काहींनी रात्रपाळी धरली. आपल्या तुरीच्या, भुईमुगाच्या मुळावरची गाठ कापली तर आत लालसर दिसते ना, ते ऑक्सिजनला लगाम घालणारं लेगहिमोग्लोबिन.

याला "खराब डिझाइन" म्हणणं सोपं आहे. मीही म्हणालो असतो. पण आपण केलेलं रीराइट बघा. हाबरने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत अमोनिया करून दाखवला, १९१३ मध्ये बॉशचा कारखाना सुरू झाला. ४०० ते ५०० अंश तापमान, प्रचंड दाब, आणि आज बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायू. जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचं अन्न त्यावर उभं आहे, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण जे काम जिवाणू शेतातल्या मातीत, साध्या तापमानाला करतो, ते विसरून फक्त युरियाची गोणी ओतत राहणं हा शहाणपणा नव्हे. पिकांच्या फेरपालटीत कडधान्य ठेवणं म्हणजे मागासपणा नाही, चालू सिस्टीमचा नीट वापर आहे.

असो. सोमवारी ते मॉड्यूल आधी पूर्ण वाचणार. त्याचं "ऑक्सिजन" कुठलं ते कळल्याशिवाय डिलीटला हात लावायचा नाही.